परतीच्या वाटेचा प्रश्न: क्लाउड आणि स्वतःचे डेटा सेंटर यांच्यातील रूटिंगचे एक प्रकरण

अर्धी प्रणाली क्लाउडमध्ये आणि अर्धी स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये असलेल्या ठिकाणी एका ठरावीक प्रकारचा बिघाड वारंवार आढळतो. त्यावरून रचलेले एक प्रकरण येथे तपशिलाने मांडले आहे. ते कोणत्याही एका संस्थेचे नाही. मात्र त्यातील यंत्रणांचे वर्तन, आकडे आणि नियम प्रत्यक्षातलेच आहेत. हे लेखन डेव्हलपरांसाठी आहे. डेटा सेंटरमध्ये रूटिंग हे नेटवर्क विभागाचे काम असते आणि कोड लिहिणाऱ्याला त्याची दखल घ्यावी लागत नाही. क्लाउडमध्ये मात्र रूट टेबल (कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचे याची यादी) हे टेराफॉर्म या, पायाभूत रचना कोडने मांडणाऱ्या साधनाच्या फाइलमध्ये, कोडच्याच रिपॉझिटरीत येऊन बसते आणि ते बदलण्याचा अधिकार डेव्हलपरकडे येतो. त्या अधिकारासोबत येणारी जाण बहुतेक ठिकाणी दिली जात नाही, ही माझ्या मते गंभीर उणीव आहे.

रचना

एका ऑर्डर-प्रणालीचा पोस्टग्रेस डेटाबेस डेटा सेंटरमध्येच ठेवायचा आणि ऑर्डर स्वीकारणारी सर्व्हिस ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसवरील एका व्हीपीसीमध्ये, म्हणजे क्लाउडमधील स्वतंत्र खाजगी नेटवर्कमध्ये, न्यायची, असे ठरले होते. व्हीपीसीला १०.४०.०.०/१६ हा पत्त्यांचा पट्टा दिला होता. डेटा सेंटरचा पट्टा १०.१०.०.०/१६ होता आणि डेटाबेसचे सर्व्हर त्यातील १०.१०.२०.०/२४ या सबनेटमध्ये होते. दोन्ही पट्टे आरएफसी १९१८ ने १९९६ मध्ये खाजगी वापरासाठी राखून ठेवलेल्या १०.०.०.०/८ मधले असले, तरी ते एकमेकांवर चढत नव्हते. एवढी काळजी सुरुवातीलाच घेतली गेली होती.

चाचणीच्या काळात दोन्ही बाजू साइट-टु-साइट व्हीपीएनने जोडल्या होत्या. या व्हीपीएनची टनेल डेटा सेंटरमधील एका फायरवॉलवर संपत होती, आणि ती फायरवॉल बीजीपीवरून (नेटवर्कांनी एकमेकांना रूट कळवण्याच्या प्रोटोकॉलवरून) क्लाउडला केवळ १०.१०.२०.०/२४ एवढाच प्रीफिक्स (पट्ट्यातील पत्त्यांचा सुरुवातीचा समान भाग; /२४ म्हणजे २४ बिटांचा) कळवत होती. चाचणीला डेटाबेसखेरीज काहीच लागत नव्हते आणि गरजेपुरतेच उघडे ठेवावे हा विचार त्या वेळी रास्त होता. पुढे डायरेक्ट कनेक्टची समर्पित लाइन आली. ती वेगळ्या राउटरवर उतरत होती, त्या राउटरमागे दुसरी फायरवॉल होती, आणि त्या राउटरने संपूर्ण १०.१०.०.०/१६ हा पट्टा क्लाउडला कळवला. दोन्ही जोडण्या व्हीपीसीच्या एकाच व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवेवर येत होत्या. लाइन मुख्य आणि व्हीपीएन राखीव, असा हेतू होता. त्या हेतूनुसार डेटा सेंटरच्या राउटरांवर लाइनवरून शिकलेल्या रूटना २०० एवढा लोकल प्रेफरन्स (प्राधान्याचा आकडा; मोठा तो वरचढ) दिला होता. व्हीपीएनवरील रूट नेहमीच्या १०० वर राहिले.

बिघाडाचे स्वरूप

लाइन चालू झाली त्याच क्षणी ऑर्डर-सर्व्हिसची डेटाबेसशी असलेली जोडणी तुटली. आधीपासून उघडी असलेली कनेक्शन निरुत्तर झाली आणि नवी कनेक्शन उघडेनात. चालकाला (डेटाबेसशी बोलणाऱ्या ड्रायव्हरला) जोडणीची कालमर्यादा दिलेली नव्हती, त्यामुळे प्रत्येक प्रयत्न सुमारे १२७ सेकंद अडकून मग चूक दाखवत होता. हा आकडा लिनक्सच्या ६.५ पूर्वीच्या कर्नलच्या मूळ मांडणीतून येतो: पहिल्या सिन पॅकेटला (टीसीपी जोडणीच्या मागणीला) उत्तर आले नाही तर कर्नल ते आणखी सहा वेळा पाठवते, आणि दरवेळी थांबण्याचा काळ दुप्पट होत १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ सेकंद असा वाढतो. लॉगमध्ये १२७ सेकंदांच्या आसपासची चूक दिसली, तर नकार आलेला नसून मौन आलेले आहे, असा निष्कर्ष तेवढ्यावरूनही काढता येतो.

गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी, की लाइन आल्यावर प्रथमच जोडलेली संदेश-रांग उत्तम चालत होती. तिचे सर्व्हर १०.१०.३०.०/२४ मध्ये होते आणि क्लाउडमधून त्यांच्याशी कनेक्शन व्यवस्थित उघडत होती. महिनोन्‌महिने चाललेली जोडणी बंद आणि कालपर्यंत अस्तित्वात नसलेली जोडणी चालू, हे पाहून संघाने दोष डेटाबेसवर ठेवला. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडमधील फायरवॉलच्या नियमांत) पोस्टग्रेसचा ५४३२ हा पोर्ट उघडा होता, फ्लो लॉगमध्ये (वाहतुकीच्या नोंदींत) बाहेर जाणाऱ्या पॅकेटांपुढे स्वीकृतीची नोंद होती, रूट टेबलमध्ये १०.१०.०.०/१६ आणि १०.१०.२०.०/२४ अशा दोन्ही ओळी होत्या, आणि दोन्हींसमोर तोच गेटवे लिहिलेला होता. क्लाउडच्या पडद्यावर जे काही दिसत होते ते सगळे बरोबर होते.

रूट कोण ठरवतो

या टप्प्यावर दोन्हीकडच्या रूटिंगमधील मूळ फरक पाहणे भाग आहे, कारण निदान त्यावरच अवलंबून आहे.

डेटा सेंटरमध्ये रूट हा राउटरांनी आपसांत बोलून ठरवलेला असतो. ओएसपीएफ हा रूटिंगचा प्रोटोकॉल वापरणारे शेजारी राउटर सामान्य मांडणीत दर १० सेकंदांनी एकमेकांना हाक देतात आणि ४० सेकंद हाक आली नाही तर शेजारी गेला असे मानतात. एकाच प्रीफिक्ससाठी अनेक मार्गांनी माहिती आली, तर सिस्कोच्या राउटरवर थेट जोडलेल्या जाळ्याला ०, हाताने लिहिलेल्या रूटला १, बाहेरील बीजीपीला २० आणि ओएसपीएफला ११० असे अंतराचे आकडे लावून त्यांतला लहान आकडा निवडला जातो. निर्णय प्रत्येक राउटरवर स्वतंत्रपणे होतो, आणि त्या राउटरवर लॉग-इन करून पुढचा टप्पा कोणता हे वाचता येते. पॅकेट पुढे जाणे अशक्य असेल तर राउटर बहुधा आयसीएमपीने (नेटवर्कमधील अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलने) तसे कळवतो आणि प्रोग्रामला तत्काळ चूक मिळते.

व्हीपीसीमध्ये असा आपसांत बोलणारा राउटर नाही. प्रत्येक सबनेटचा पहिला वापरण्याजोगा पत्ता राउटरसाठी राखलेला असतो, परंतु त्या पत्त्यामागे कोणतीही पेटी नाही. रूट टेबल ही नियंत्रण-स्तरावर साठवलेली एक घोषणा आहे आणि तिची अंमलबजावणी प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क इंटरफेसपाशी, व्हर्च्युअलायझेशनच्या थरात होते. त्यामुळे आतला राउटर ट्रेसरूटमध्ये टप्पा म्हणून दिसत नाही. व्हीपीसी मल्टिकास्ट आणि ब्रॉडकास्ट वाहून नेत नाही, म्हणून २२४.०.०.५ वर हाक देणारे ओएसपीएफ आणि २२४.०.०.१८ वापरणारे व्हीआरआरपी (एक पत्ता दोन मशीनांत सामायिक ठेवणारा प्रोटोकॉल) ही दोन्ही तेथे चालत नाहीत. डेटा सेंटरमधली, व्हीआरआरपीवर चालणारी कीपअलाइव्ह्डची जोडी जशीच्या तशी क्लाउडमध्ये उचलून ठेवली, तर दुसऱ्याची हाक न ऐकू आल्यामुळे दोन्ही मशीन स्वतःला प्रमुख समजू लागतात. हाक युनिकास्टने पाठवली तरी सामायिक पत्ता एपीआयच्या मार्गानेच हलवावा लागतो. बीजीपी साधारणपणे सीमेवर, म्हणजे गेटवेपाशी असते. टेबलमध्ये रूट नसेल तर पॅकेट गुपचूप टाकले जाते आणि प्रोग्रामला पुन्हा तेच मौन मिळते.

समान मात्र एक नियम आहे आणि तो दोन्हीकडे सर्वोच्च आहे: सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स जिंकतो. कोणत्या मार्गाला प्राधान्य, कोणता रूट हाताने लिहिलेला आणि कोणता शिकलेला, हे सगळे प्रश्न प्रीफिक्स समान लांबीचा असेल तरच उपस्थित होतात. व्हीपीसीमध्ये समान प्रीफिक्सच्या बाबतीत हाताने लिहिलेला रूट शिकलेल्या रूटला मागे टाकतो; ॲझूरमध्ये वापरकर्त्याने लिहिलेला रूट, मग बीजीपीचा, मग प्रणालीचा असा क्रम आहे. गूगल क्लाउडमध्ये तर रूट सबनेटचा नसून संपूर्ण नेटवर्कचा असतो. पुरवठादार बदलला की हा दुय्यम क्रम बदलतो आणि तो पाठ करण्यापेक्षा त्या त्या वेळी वाचून घेणे बरे, परंतु पहिला नियम डोक्यात पक्का असलाच पाहिजे.

निदान

तपासाला दिशा मिळाली ती डेटाबेसच्या सर्व्हरवर. तेथे एसएस ही आज्ञा चालवल्यावर ऑर्डर-सर्व्हिसच्या पत्त्यावरून आलेली अनेक कनेक्शन सिन-रिसीव्ह्ड या अर्धवट अवस्थेत दिसली. याचा अर्थ नेमका आहे: क्लाउडमधून निघालेले सिन पॅकेट डेटाबेसपर्यंत पोचत होते, त्याला होकार म्हणून डेटाबेस सिन-अ‍ॅक पाठवत होता, आणि ते परत पोचत नव्हते. टीसीपीडम्पने (पॅकेट पाहण्याच्या साधनाने) तेच दाखवले. एकच सिन-अ‍ॅक वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा बाहेर जात होते आणि पलीकडून हस्तांदोलनाचा तिसरा भाग येत नव्हता. म्हणजे जाण्याची वाट चालू होती आणि बिघाड परतीच्या वाटेत होता. ज्या बाजूकडे सगळ्यांनी तोवर पाहिले होते, ती बाजू निर्दोष होती.

मग दोन्ही वाटा स्वतंत्रपणे मांडल्या गेल्या. क्लाउडमधून १०.१०.२०.१५ कडे जाणारे पॅकेट गेटवेपाशी पोचल्यावर गेटवेकडे दोन रूट होते: लाइनवरून आलेला १०.१०.०.०/१६ आणि व्हीपीएनवरून आलेला १०.१०.२०.०/२४. समान प्रीफिक्स असता तर गेटवेने डायरेक्ट कनेक्टलाच प्राधान्य दिले असते, तसा त्याचा नियम आहे. परंतु प्रीफिक्स समान नव्हते. चोवीस बिटांचा रूट जिंकला आणि पॅकेट राखीव समजल्या गेलेल्या व्हीपीएनने, पहिल्या फायरवॉलमधून डेटाबेसकडे गेले. उत्तर निघाले तेव्हा डेटा सेंटरच्या राउटरांकडे १०.४०.०.०/१६ साठी समान लांबीचे दोन रूट होते, त्यांत २०० लोकल प्रेफरन्सचा लाइनचा रूट निवडला गेला आणि उत्तर दुसऱ्या फायरवॉलकडे वळले. त्या फायरवॉलने सुरुवातीचे सिन पाहिलेलेच नव्हते. कनेक्शनची अवस्था लक्षात ठेवणारी फायरवॉल अशा अनाहूत सिन-अ‍ॅकला बेवारस समजून टाकून देते, आणि तिने तेच केले. लाइन येण्यापूर्वी जाणे आणि येणे दोन्ही व्हीपीएननेच होत असल्यामुळे काहीच बिघडले नव्हते. संदेश-रांगेचा पत्ता व्हीपीएनने कधी कळवलाच नव्हता, म्हणून तिची दोन्ही दिशांची वाहतूक लाइनवरून होत होती.

येथे दोन गोष्टींकडे डेव्हलपरने मुद्दाम लक्ष द्यावे असे मला वाटते. पहिली गोष्ट, रूट टेबलमधील दोन्ही ओळींसमोर एकच गेटवे लिहिलेला होता आणि खरी निवड त्या गेटवेच्या आत होत होती. टेबल खोटे बोलत नव्हते, पण त्याचे उत्तर अर्धेच होते. दुसरी, नेटवर्क विभागाने फायरवॉलच्या नोंदी आधीच तपासल्या होत्या, परंतु त्यांनी स्रोत १०.४० आणि गंतव्य १०.१० असा शोध घेतला होता. टाकलेली पॅकेट उलट दिशेची होती, दुसऱ्या फायरवॉलवर होती, आणि त्यांचा स्रोत-पोर्ट ५४३२ होता. शोधाची दिशा उलटवल्यावर नोंदींचा ढीगच सापडला. परतीचे पॅकेट हे स्वतंत्र पॅकेट आहे आणि त्याच्यासाठी प्रत्येक राउटर नव्याने निर्णय घेतो, हे समजलेला माणूस दोन्ही दिशांनी शोध घेतो.

सुचलेले उपाय आणि केलेला उपाय

घाईत दोन उपाय पुढे आले. व्हीपीसीच्या रूट टेबलमध्ये १०.१०.२०.०/२४ हाताने लिहावा, म्हणजे तो शिकलेल्या रूटपेक्षा वरचढ ठरेल, असे एकाने सुचवले. नियम बरोबर होता, पण लिहिलेल्या रूटचे लक्ष्यही तोच गेटवे असणार होते आणि गेटवेच्या आतली निवड जशीच्या तशी राहणार होती. दुसऱ्या फायरवॉलवर ५४३२ साठी परवानगी द्यावी, ही दुसरी सूचना होती. परवानगी असूनही अवस्था माहीत नसलेले सिन-अ‍ॅक टाकलेच गेले असते. आणि अवस्था-तपासणीच बंद करण्याची सोय काही फायरवॉलवर असली, तरी डेटाबेससमोरची तपासणी काढून रूटिंगची चूक झाकणे मला मुळीच मान्य होण्यासारखे नाही.

प्रत्यक्ष दुरुस्ती लहान होती आणि ती डेटा सेंटरच्या बाजूला झाली. व्हीपीएनच्या फायरवॉलने १०.१०.२०.०/२४ कळवणे थांबवले आणि लाइनप्रमाणेच १०.१०.०.०/१६ कळवायला सुरुवात केली. प्रीफिक्स समान झाल्याबरोबर गेटवेचा दुय्यम क्रम लागू झाला, डायरेक्ट कनेक्टची निवड झाली, आणि दोन्ही दिशा एका वाटेवर आल्या. ऑर्डर-सर्व्हिसच्या कोडमध्ये किंवा तिच्या रूट टेबलच्या फाइलमध्ये एक अक्षरही बदलावे लागले नाही. एका व्हीपीएनच्या दोन टनेलमध्येही हाच धोका असतो: गेटवे एक टनेल निवडतो आणि डेटा सेंटर दुसरे, म्हणून असममित वाहतूक सहन न करणाऱ्या फायरवॉलवर दोन्ही टनेल उतरवताना हीच काळजी घ्यावी लागते.

राखीव वाटेची चाचणी

दुरुस्तीनंतर लाइन मुद्दाम पाडून पाहण्यात आली, आणि हा या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, कारण त्यातून आणखी दोन त्रुटी उघड झाल्या.

पहिली त्रुटी वेळेची होती. बीजीपीला शेजारी गेल्याचे कळायला डायरेक्ट कनेक्टवर मूळ मांडणीत ९० सेकंदांपर्यंत लागू शकतात, आणि तोवर पॅकेट बंद लाइनकडेच ढकलली जातात. बीएफडी ही जलद तपासणी क्लाउडच्या बाजूने तयारच असते, परंतु डेटा सेंटरच्या राउटरवर ती चालू केल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. ३०० मिलिसेकंदांच्या अंतराने तीन हाका हुकल्या की लाइन गेली असे ठरवण्याची मांडणी केल्यावर हा काळ एका सेकंदाच्या आत आला. तरीही उघडी कनेक्शन वाचली नाहीत, कारण एका फायरवॉलला माहीत असलेली अवस्था दुसरीला माहीत नव्हती. हा भाग मात्र नेटवर्कने सोडवण्याचा नसून कोडने सोडवण्याचा आहे. संघाने चालकाला काही सेकंदांची जोडणी-मर्यादा दिली, पूलमधील कनेक्शनांना ठरावीक आयुष्य दिले, आणि टीसीपी कीपअलाइव्हचा काळ खाली आणला. लिनक्समध्ये तो मुळात ७२०० सेकंद असतो. म्हणजे निवांत पडून असलेले कनेक्शन मेले आहे हे दोन तासांपर्यंत कळत नाही.

दुसरी त्रुटी अधिक फसवी होती. व्हीपीएनवर वाहतूक गेल्यानंतर कनेक्शन उघडत होती, लहान क्वेरींना उत्तरे येत होती, आणि मोठ्या निकालांच्या क्वेरी मात्र अडकत होत्या. डेटाबेसचा सर्व्हर १५०० बाइटची पॅकेट पाठवत होता. आयपीसेकची (व्हीपीएनच्या कूटबद्धीकरणाची) वेष्टने चढल्यावर तेवढे पॅकेट टनेलमध्ये मावत नाही, आणि ‘पॅकेट लहान करा’ असे सांगणारे आयसीएमपीचे संदेश डेटा सेंटरमध्ये सरसकट बंद केलेले होते. व्हीपीएनच्या फायरवॉलवर एमएसएस (एका पॅकेटमधील डेटाची कमाल मर्यादा) कमी करण्याची मांडणी केली आणि तो विशिष्ट आयसीएमपी संदेश मोकळा केला, तेव्हा प्रश्न सुटला. आयसीएमपी सरसकट बंद करणे ही सुरक्षेची खबरदारी समजली जाते; तिची अशी किंमत मोजावी लागते, हे आग्रहाने सांगायला हवे.

त्याच साच्यातले आणखी दोन बिघाड

ऑर्डर-सर्व्हिसच्या रात्रीच्या कामांसाठी नंतर एक नवे सबनेट तयार करण्यात आले आणि त्याला रूट टेबल जोडायचे राहून गेले. अशा सबनेटला व्हीपीसीचे मुख्य रूट टेबल आपोआप लागू होते. त्या टेबलमध्ये गेटवेचे रूट शिकण्याची सोय चालू नव्हती, म्हणून डेटाबेसकडची पॅकेट तेथेच संपली. चूक पुन्हा १२७ सेकंदांचीच होती, परंतु या वेळी डेटाबेसवर सिन-रिसीव्ह्ड अवस्थेतले एकही कनेक्शन नव्हते, आणि तेवढ्यावरूनच दोष जाण्याच्या वाटेत आहे हे ठरले. डेटा सेंटरमध्ये एका मजल्यावरची सगळी यंत्रे एकाच राउटरचे ऐकतात. क्लाउडमध्ये शेजारची दोन सबनेट वेगवेगळ्या टेबलांवर असू शकतात, ही सवय अंगी बाणायला वेळ लागतो.

दुसरा बिघाड एकाच मशीनच्या आतला होता. देखरेखीचा सर्व्हर डेटा सेंटरमध्ये १७२.१७.५.० च्या परिसरात होता. लाइनवरून त्याचाही पट्टा कळवला जात होता, रूट टेबल योग्य होते, तरी क्लाउडमधील काही मशीन त्याला उत्तर देत नव्हती. उत्तर न देणाऱ्या प्रत्येक मशीनवर डॉकर होते. डॉकरचा मूळ ब्रिज १७२.१७.०.०/१६ हा पट्टा घेतो आणि कर्नलच्या रूट टेबलमध्ये तशी ओळ लिहितो, त्यामुळे देखरेखीच्या सर्व्हरला द्यायचे उत्तर मशीनबाहेर पडण्याऐवजी कंटेनरांच्या ब्रिजकडे जात होते. मशीनवर आयपी रूट गेट ही आज्ञा त्या पत्त्यासाठी चालवली की हे एका ओळीत दिसते. डॉकरच्या मांडणीत ब्रिजचा पट्टा बदलून मशीन पुन्हा उभी करण्यात आली.

एक मर्यादा पुढच्या नियोजनासाठी नोंदवून ठेवण्यात आली. मूळ बिघाडानंतर, लाइनवरूनही प्रत्येक सबनेटचा चोवीस बिटांचा प्रीफिक्स वेगळा कळवावा म्हणजे तिला कोणी मागे टाकणार नाही, अशी सूचना आली होती. परंतु डायरेक्ट कनेक्टच्या खाजगी इंटरफेसवर एका बीजीपी सत्रात आयपीव्ही४ चे १०० हून अधिक रूट कळवले, तर जादा रूट वगळले जात नाहीत. सत्रच बंद पडते आणि लाइनवरची सगळी वाहतूक थांबते. म्हणून डेटा सेंटरच्या बाजूला पट्टे एकत्र करूनच कळवायचे, दोन्ही जोडण्यांवरची यादी एकाच फाइलमधून तयार करायची, आणि त्या फाइलमधल्या कोणत्याही बदलाला नेटवर्क विभाग व ऑर्डर-सर्व्हिसचा संघ या दोघांचीही संमती लागेल, असे ठरवण्यात आले.